पिवळ्या डब्यातला तांदूळ

आमच्या घरात चवीविषयी मते नव्हती. तक्रारी होत्या, आणि त्याही मोजक्या. वरण पातळ झाले, भात गिजगा झाला, चहा गोड पडला. यापलीकडे जेवणाविषयी कोणी काही बोलू लागले, तर माय त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहत असे. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या अलीकडे, महामार्गापासून थोडे आत आमचे गाव. दिवसभर ट्रकांची घरघर, धान निघाल्यावर तिच्यात मिसळणारी राइस मिलची धडधड, आणि या दोन्हींच्या वरताण सकाळ-संध्याकाळ आमच्या रॉकेलच्या स्टोव्हची फरफर. त्या स्टोव्हवरचा चहा इतका उकळे, की आपण कोणत्या मुलखातून आलो हे त्यातल्या पत्तीलाही आठवू नये. दूध असले तर दुधाचा, नसले तर काळा, आणि गूळ दोन्हींत. त्यात मूठभर मुरमुरे टाकून ते मऊ पडण्याच्या आत चमच्याने खाणे, ही आम्हा भावंडांची चैन होती. तिला आम्ही चव म्हणत नसू. भूक म्हणत असू.

बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. औषध मोजणाऱ्या माणसाचा हात कधी चुकत नाही, अशी गावाची समजूत असल्यामुळे लोकांनी आपण होऊन त्यांच्यावर एक काम सोपवले होते. धानाच्या रोवणीला, लग्नाला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाताना माणसे घराला कुलूप लावत आणि चाबी आमच्याकडे ठेवून जात. स्वयंपाकघराच्या चौकटीलगत बाबांनी खिळे मारलेली एक लाकडी पट्टी ठोकली होती. तिच्यावर निम्म्या गावाच्या चाब्या लोंबत. वारा सुटला की त्या किणकिणत. मी त्या किणकिणीत अभ्यास केला, त्या किणकिणीत जेवलो. कोणी चाबी मागायला आले, की माय जेवता जेवता उठून उष्टा हात लागू नये म्हणून डाव्या हाताने ती काढून देई. श्रीमंती म्हणावी असे आमच्या घरात काही नव्हते. ती पट्टी होती. बुद्धविहाराच्या सामानाची चाबीही अर्थात तिच्यावरच होती, कारण विहाराच्या छताला ओल येई आणि दानात आलेल्या वस्तू आमच्याच घरी एका लोखंडी पेटीत ठेवलेल्या असत.

त्या पेटीत एके वर्षी जपान आले. एक वृद्ध जपानी भन्तेजी नागपूरहून आमच्या भागातील विहार पाहत पाहत आमच्या गावी आले, अर्धा दिवस राहिले, लहान मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला, आणि जाताना चहाचे पाच डबे ठेवून गेले. डब्यांवरची अक्षरे कोणालाही वाचता येत नव्हती; आम्ही त्यांना रंगांवरून ओळखत असू. विहार समितीचे अध्यक्ष शेंडे साहेब हे पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. कचेरी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी बैठक घेऊन ठरवले, की हे दान सर्व गावाला मिळाले आहे, सबब ते कोणीही वापरू नये. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, या तत्त्वावर आमच्या समितीचा सर्व कारभार चालत असे. अपवाद फक्त पाचव्या, छोट्या डब्याचा झाला. त्यात हिरवी पूड होती, आणि भन्तेजींनी दिलेली पूड औषधाशिवाय दुसरे काय असणार? ती बाबांच्या दवाखान्याच्या शिस्तीत चिमूट चिमूट वाटली गेली. राइस मिलमध्ये काम करणाऱ्या डोमाकाकांनी ती पोटातल्या गॅससाठी घेतली, आणि गॅस गेला, पण सोबत झोपही घेऊन गेला, असा अहवाल दिला.

उरलेले चार डबे वर्षभर तसेच पडून राहिले असते, पण मध्ये वैशाख आला. आमच्याकडे वैशाखात साठवणीला ऊन दाखवतात. लाखोरीची डाळ, वाल, मिरच्या, बियाणे, सगळे अंगणात पसरायचे, हाताने हलवायचे, आणि किडा लागू नये म्हणून वर वाळलेला कडुनिंबाचा पाला टाकून पुन्हा भरून ठेवायचे. मायने पेटी उघडली आणि जपानी चहालाही आपल्या घरचा समजून ऊन दाखवले. डब्यांच्या आतला कागद फाडला, बाजेवर जुने लुगडे अंथरले, चार ढीग केले, दुपारभर कावळे हाकलत राखण केली, आणि संध्याकाळी निंबाचा पाला घालून डबे बंद केले. आज मी वाचून जाणतो, की हिरव्या चहाला प्रकाश, हवा आणि उष्णता यांपासून जपावे लागते. मायने एकाच दुपारी त्याची तिघांशीही ओळख करून दिली, तीही केवळ मायेपोटी.

धान कापणी झाल्यावर निरोप आला, की भन्तेजी पुन्हा येत आहेत. शेंडे साहेबांनी लगेच बैठक बोलावली. पाहुण्यांना त्यांचाच चहा द्यावा यावर एकमत झाले. चारपैकी कोणता द्यावा यावर होईना. तेव्हा एक चव उपसमिती नेमण्यात आली. तिच्यात स्वतः साहेब होते. मिलमध्ये दाणा दाताखाली धरून त्याची जात सांगणारे डोमाकाका होते. आणि मी होतो, कारण मी बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घातले होते, आणि गावाला जे जे समजत नसे ते ते माझ्या विषयात मोडत असे. या निवडीने मला झालेला आनंद आठवला, की आजही मान खाली जाते. मी त्या सकाळी दोनदा जीभ घासली होती.

आमच्या घरापुढच्या छपरीत बैठक बसली. माय आतून एकेका डब्याचा चहा करून पाठवी, कप बाबा आणत. पहिला हिरव्या डब्याचा. त्याचे नाव सेंचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तोंडात घेतला आणि मला रोवणीच्या दिवशी उपटलेल्या धानाच्या पऱ्ह्यांचा, म्हणजे रोपांचा, वास आला: ओला, कोवळा, किंचित तुरट, नखांत राहणारा. पण पऱ्हे हा शब्द जपानच्या चहाला शोभेल असे मला वाटले नाही. मी डोळे मिटून म्हणालो, की यात निसर्ग आहे, आणि शेवटी एक उदात्त कडवटपणा आहे. साहेबांनी मान डोलावली. दुसरा काळ्या डब्याचा, ग्योकुरो. तो दाट, गोडसर, जिभेवर रेंगाळणारा. त्यात गावच्या बोडीतल्या, म्हणजे तळ्यातल्या, शेवाळाचा आणि झिंग्यांच्या रश्शाचा भास होता. अध्यक्ष झाल्यापासून शेंडे साहेबांनी मासे सोडले होते. त्यांनी हा कप पुन्हा मागवला, आणि याचा विचार सखोलपणे करावा लागेल असे सांगून तिसऱ्यांदाही मागवला. तिसरा विटकरी डब्याचा, होजिचा. भट्टीत शेकलेल्या विड्यांचा कट्टा नुकताच फोडावा तसा त्याचा वास छपरीभर पसरला.

“हा चाय पेवाचा का ओढाचा, साहेब?” डोमाकाकांनी विचारले.

साहेबांनी ती टिप्पणी कामकाजातून वगळली. मी मात्र याही चहात शेवटचा तो उदात्त कडवटपणा ओळखला, आणि तो सर्व जपानी चहांचा आत्मा असावा असे मत दिले. तो निंबाचा पाला होता. माय दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला ते ठाऊक होते. मुलगा सभेत बोलत असताना त्याला अडवू नये, इतकी सभ्यता आमच्या घरात शिक्षणाच्या आधीपासून होती.

मग पिवळा डबा आला. हा बाबांनी बाहेरच उघडला, कारण साहेबांना पत्ती पाहायची होती. साहेबांनी ती वर्तमानपत्रावर ओतली. हिरव्या पत्तीत तांदूळ होता. भुंजलेला, म्हणजे भाजलेला, तांबूस, मधूनमधून फुटलेली पांढरी लाही. चहात निम्म्याने तांदूळ.

ज्या जिल्ह्यात धानावर लग्ने ठरतात, त्या जिल्ह्यात तांदळाला तांदूळ म्हणून कोणी पाहत नाही. तो कोणाचा, कोठला आणि कशात मिसळला, हेच आधी पाहिले जाते. डोमाकाकांनी एक दाणा दाताखाली धरला. “भुंजलेला हाय,” ते म्हणाले. “कोनंतरी चाय कहाडला, अन वजन बराबर कराले तांदूळ भरला. मिलमंधी हे रोजचं हाय.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आपल्या धंद्यातली ओळखीची कारागिरी परक्या ठिकाणी भेटल्याचे समाधान होते.

साहेबांनी चष्मा पुसला. “आम्ही कोणावर आरोप करत नाही,” ते म्हणाले. “आम्ही फक्त एवढेच नमूद करतो, की डबे कोणाच्या घरी होते.” मग ते माझ्याकडे वळले. “तू सायन्सवाला आहेस. विज्ञानाच्या दृष्टीने काय म्हणशील?”

मला इतकेच म्हणायचे होते की मला माहीत नाही. परंतु त्या वयात ते वाक्य माझ्याजवळ नव्हते. मी वर्तमानपत्रावर वाकलो, बोटाने दाणे वेगळे केले, आणि पाठ्यपुस्तकातल्या सुरात म्हणालो, “हे संयुग नाही. हे मिश्रण आहे.” ते शब्दशः खरे होते. छपरीतल्या प्रत्येकाने ते भेसळीचे प्रमाणपत्र म्हणून ऐकले, आणि ते दिले होते त्या घरच्या मुलाने.

माय दारातून पुढे आली. “मी ऊन दाखवलं तवाच पाह्यला होता त्याच्यातला तांदूळ,” ती म्हणाली.

“मंग तवाच काहून नाही सांगतलं, वहिनी?” डोमाकाकांनी विचारले.

“दान देल्ल्या वस्तूले नाव ठेवू काय?”

हे उत्तर इतके सरळ होते, की त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. बाबा उठले, आत गेले, खिळ्यावरून पेटीची चाबी काढून त्यांनी ती साहेबांसमोर ठेवली. “पेटी मोजून घ्या, साहेब,” एवढेच म्हणाले.

त्यानंतर समितीने जे निर्णय घेतले, त्यांतील तर्कशुद्धता मला आजही थक्क करते. एक तर असे ठरले, की पाहुण्यांना पिवळ्या डब्याचाच चहा द्यावा. कारण चोराने ज्या डब्याला हात घातला तोच सर्वांत उत्तम असणार. दुसरे, की तो निवडून स्वच्छ करून द्यावा. आणि गावात सुपावर मायसारखा हात कोणाचाच नसल्यामुळे ते काम तिनेच करावे. ज्या बाईवर भेसळीचा संशय, तिलाच भेसळ काढायला बसवण्यात कोणाला काही विसंगत वाटले नाही, तिलाही नाही. ती अंगणात बसली. सुपाची थाप ऐकू येत राहिली. तिने कणीसुद्धा राहू दिली नाही. निघालेला तांदूळ वर्तमानपत्रात बांधून, दोरा गुंडाळून, त्यावर उपसमितीच्या सह्या घेऊन, पुरावा म्हणून विहाराच्या कपाटात ठेवला गेला. मी इंग्रजीत सही केली. माझ्या आयुष्यातील ती पहिली इंग्रजी सही.

गावाने आम्हाला वाईट शब्द बोलला नाही. लोक फक्त चाब्या न्यायला येऊ लागले. पाहुणे येऊन राहिले, चाबी घरीच लागन. पोरगा आता मोठा झाला, त्याच्याजवळच ठेवतो म्हटलं. कुलूपच बदलवून राहिलो, वहिनी. प्रत्येकाजवळ स्वतंत्र कारण होते, आणि ते आमच्या भावना दुखावू नयेत इतक्या काळजीने निवडलेले होते. माय प्रत्येकाला डाव्या हाताने चाबी देई आणि चहा विचारी. चहाला मात्र कोणी थांबत नसे. भन्तेजी यायच्या आधीच ती पट्टी पूर्ण मोकळी झाली. वारा सुटे आणि काहीच वाजत नसे. बाबा जेवताना तिच्याकडे पाठ करून बसू लागले. मी घरात पायांचा आवाज न करता वावरू लागलो, जणू आवाज मीच नेला होता.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, आणि धाकटा मुलगा पुण्याहून जपानी चहाची पाकिटे पाठवतो. रविवारी मी चार कप मांडतो. पाणी फार तापू देत नाही, घड्याळ पाहतो, आणि सुनेला समजावून सांगतो, की ग्योकुरो सावलीत वाढवतात म्हणून तो मधुर, सेंचा उन्हातला म्हणून तरतरीत, होजिचा भाजलेला म्हणून सौम्य. सून चांगल्या घरची आहे, ऐकून घेते. समितीचा अध्यक्षही सध्या मीच आहे. परवाच्या बैठकीत एका तरुणाने मला काही विचारले, आणि मी चष्मा पुसत असल्याचे माझ्या लक्षात आले. माणूस ज्यांना हसतो, त्यांची खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते.

त्या वर्षी भन्तेजी ठरल्या दिवशी दुपारी आले. वंदना झाली, पंचशील झाले, साहेबांचे स्वागतपर भाषण झाले. त्यात शुद्धता हा शब्द वारंवार आला. विहारामागच्या पडवीत माय स्टोव्हवर चहा करत होती. मी दुभाष्या म्हणून भन्तेजींच्या शेजारी बसलो होतो. पिवळ्या डब्याचा, निवडून स्वच्छ केलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला गेला. त्यांनी दोन्ही हातांनी कप उचलला, एक घोट घेतला, आणि कपात पाहिले. मग शेजारचा पिवळा डबा उचलला, उजेडाकडे तिरपा केला, हलवला, पुन्हा आत पाहिले, आणि माझ्याकडे वळून अतिशय मृदूपणे विचारले, “राइस?”

मी साहेबांना सांगितले, की भन्तेजींना भात हवा आहे.

सभेत कुजबूज उठली. दुपार टळली होती, आणि मध्यान्हीनंतर भिक्खू जेवत नाहीत हे आमच्या गावातील शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. साहेबांचा चेहरा धर्मसंकटात सापडला. “भूक लागली असन म्हाताऱ्या जीवाले,” डोमाकाका हळूच म्हणाले, “जपानवून आले ते.” शेवटी आदरातिथ्याने विनयावर, म्हणजे भिक्खूंच्या नियमांवर, मात केली. घराघरांतून धावाधाव झाली, आणि वाफाळता भात, लाखोरीचे वरण, वर लोणच्याची फोड असे ताट भन्तेजींसमोर आले. सर्वांनी नजरा खाली वळवल्या, म्हणजे त्यांना संकोच वाटू नये.

भन्तेजींनी ताटाला हात जोडले. मग त्यांनी भाताचे एक शीत बोटावर घेतले, ते पिवळ्या डब्याच्या तोंडावर धरले, आणि दुसऱ्या हाताने हवेत कढईतला झारा फिरवल्यासारखे केले. शीत डब्यात टाकल्यासारखे केले. डबा हलवला. “टी,” ते म्हणाले, “राइस. टुगेदर.” मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवून, एखादा ओळखीचा माणूस का आला नाही असे विचारावे तसे, “नो राइस?”

मला समजले. मी ते मराठीत सांगायला तोंड उघडले, पण त्याची गरज उरली नव्हती. डोमाकाका दोन्ही हातांत डोके धरून बसले होते. साहेब म्हणाले, की हे तपासून पाहावे लागेल. आणि हे म्हणताना ते उठून कपाटाकडे निघालेही होते. आमच्या तिघांच्या सह्यांचा पुडा बाहेर आला. भन्तेजींनी सह्या पाहिल्या, त्या स्वागताचा भाग समजून मान लववली, दोरा सोडला, आणि पुरावा डब्यात ओतला. डबा हलवून त्यांनी वास घेतला आणि हसले. चहा पुन्हा झाला. या वेळी सर्वांना मिळाला, आणि ज्याच्यावरून आमच्या घरच्या चाब्या गेल्या होत्या, तो पुरावा सगळ्या समितीने मिळून पिऊन टाकला.

त्याची चव विचाराल, तर त्याला जपानात गेनमाइचा म्हणतात हे आज सांगू शकतो. त्या दिवशी माझ्या जिभेला एवढेच कळले, की ही मुरमुरे टाकलेल्या चहाची चव आहे. गुळाविना, पण तीच. आम्ही लहानपणापासून रोज चहात तांदूळ टाकत आलो होतो, आणि कोणालाही, मलाही, ते आठवले नव्हते. मत देण्यासाठी सगळे माझ्याकडे पाहत होते. मी कप खाली ठेवला आणि काही बोललो नाही. चव उपसमितीचा सदस्य म्हणून मी केलेले तेवढेच काम चोख होते.

भन्तेजींची गाडी महामार्गाकडे वळली, तेव्हा साहेब विहारामागे पडवीत आले. माय दगडावर बसून कप धूत होती. बाबा शेजारी उकिडवे बसून पुसत होते. साहेबांच्या हातात पेटीची चाबी होती. “वहिनी,” ते म्हणाले, “गैरसमज झाला.”

माय वर न पाहता म्हणाली, “मी मिसळला असता तं आपला वासाचा चिन्नोर मिसळला असता, साहेब. हा तं साधाच दिसते.”

साहेबांनी चाबी पुढे केली. “ही ठेवा आपल्याजवळ.”

“हात ओले हायेत माहे.”

साहेब थांबले. त्यांच्या मागे डोमाकाका येऊन उभे राहिले. त्यांच्या मुठीतही चाबी होती. मग कुलूप बदलणारे आले, पाहुणे येणारे आले, ज्यांचा पोरगा मोठा झाला होता ते आले. पडवीच्या कडेने हळूहळू एक रांग लागली. हातातली चाबी एखाद्याने या हातातून त्या हातात घेतली, की बारीक आवाज होई. बाबांनी मायने धुतलेला कप पुसला, उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला, आणि “हा राहिला जरासा” म्हणून पुन्हा तिच्याकडे दिला. मायने तो घेतला आणि पुन्हा धुवायला लागली.